कूलर चालू, तरी घाम का?

मे महिना. जळगावात, धुळ्यात पारा ४४-४५ला टेकलेला आणि नेमक्या त्याच दिवसांत लग्नाच्या तिथी! मंगल कार्यालयात मोठाले कूलर घरघरताहेत, तरी अक्षता पडेपर्यंत सगळे घामाघूम. मग कोणीतरी काका ओरडतात, "अरे, खिडक्या लावा, गारवा बाहेर चाललाय!" खिडक्या लागतात आणि उकाडा आणखीच वाढतो. असं का?

कूलरचा पंखा बाहेरची कोरडी, गरम हवा ओल्या जाळीतून आत ओढतो. जाळीतल्या पाण्याची वाफ होते. त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते, म्हणून हवा गार होते. पण ती ओलीही होते ना! तिला बाहेर जायला वाट नसेल, तर हॉल दमट होत जातो आणि अंगावरचा घाम वाळतच नाही. (जुलैत कूलर रुसतो, तोही दमट हवेमुळेच.) तेव्हा काकांना नम्रपणे सांगा, कूलरच्या समोरच्या बाजूच्या खिडक्या उघड्याच हव्यात.

आता माणसांचा हिशेब. शांत बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. ५०० पाहुणे म्हणजे हजार वॅटच्या ५० इस्त्र्या! शिवाय आपल्या उच्छ्वासात ४ टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो. मोकळ्या हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात ही चिंता नाही, डोक्यावर आभाळच आहे. बंद सभागृहात मात्र ताजी हवा मुद्दाम आणावी लागते.

पण किती? पाऊण खुर्च्या रिकाम्या असताना पंखे पूर्ण वेगानं कशाला फिरवायचे? म्हणून काही मोठ्या सभागृहांत कार्बन डायऑक्साइड मोजून पंख्यांचा वेग आपोआप बदलतात. यात बचत किती, ते ऐका. वेग निम्मा केला की हवा निम्मी येते, पण पंख्याला लागणारी शक्ती उरते आठवा हिस्सा! निम्म्याचा निम्मा, त्याचाही निम्मा. वेग ८० टक्के ठेवला तर? ०.८ ला ०.८ नं दोनदा गुणा. जवळपास निम्म्यावर काम भागतं. जुन्या, डब्यासारख्या रेग्युलेटरनं मात्र एवढी बचत होत नाही. त्याच्या आतली तार तापते आणि वीज तिथेच खर्ची पडते.

घरी कूलर लावाल तेव्हा समोरच्या उघड्या खिडकीत कागदाची पट्टी धरा. ती बाहेरच्या दिशेनं फडफडली, तर हवेला वाट आहे. नुसती लोंबत राहिली, तर आणखी एक खिडकी उघडून पुन्हा बघा.