गिरण्यांचे काम आले, गिरण्यांची विद्या कधी येणार?

भिवंडीतील आमच्या परिचयाच्या एका कारखानदाराने मध्यंतरी एका व्यापाऱ्याला ग्रे कापडाचा माल दिला. मागावरून उतरले तेव्हा कापड स्वच्छ होते. टेबलावर तागा उलगडून पाहिला, कुठे धागा तुटलेला नाही, कुठे डाग नाही. माल रंगाईला गेला आणि काही दिवसांनी निरोप आला की कापडात आडवे पट्टे दिसतात. व्यापाऱ्याने बिलातून भरपूर रक्कम कापली. आमच्या मित्राने रंगाईवाल्याला दोष दिला, रंगाईवाल्याने सुताला, सूतवाल्याने मागाला. शेवटी ज्याला आपली बाजू मांडता आली नाही, त्याच्याच माथी नुकसान बसले.

पुढे एका जाणकाराने तो तागा पाहून कारण सांगितले. बाण्याला दोन वेगवेगळ्या लॉटचे सूत लागले होते. काउंट एकच, डोळ्याला दिसणारा रंगही एकच. पण दोन लॉटमधला कापूस वेगळा असेल तर दोन्ही सुते रंग सारखा घेत नाहीत, आणि हा फरक रंगाई झाल्यावरच उघडा पडतो. अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली कोन धरले तर असे मिसळलेले सूत पुष्कळदा वेगळे चमकते आणि मागावर चढण्यापूर्वीच बाजूला काढता येते. हा दिवा काही फार महाग नाही आणि ही युक्ती काही गुपित नाही. टेक्स्टाईलच्या विद्यार्थ्याला ती सहज ठाऊक असते. आमच्या मित्राच्या घरात तीन पिढ्यांपासून विणकाम आहे. त्याची दोन मुले पदवीधर आहेत, एक कॉमर्सचा आणि एक कॉम्प्युटरचा. कापडाचा पदवीधर घरात एकही नाही.

ही एका घराची गोष्ट असती तर आम्ही ती लिहिली नसती. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर, जिथे जिथे आपले बांधव मागावर आहेत तिथे थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे. मुलांना तालीम द्यावी हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. पण शिकलेला मुलगा मागाकडे परत येत नाही, आणि मागावर राहिलेला मुलगा शिकत नाही. आमच्या मते आपल्या धंद्याच्या दुबळेपणाचे एक मोठे कारण इथे आहे.

थोडे मागे वळून पाहू. 1857 नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून मोमिन विणकरांची कुटुंबे दक्षिणेकडे आली आणि मालेगाव, भिवंडीसारख्या गावी स्थिरावली. त्यांनी सोबत आणलेले भांडवल म्हणजे हातातला हुन्नर. सूत बोटात धरून त्याचा काउंट सांगणारे बुजुर्ग आमच्या पिढीने पाहिले आहेत. त्याच सुमारास मुंबईत कापड गिरण्या उभ्या राहत होत्या. गिरणीमालकांनी ओळखले की केवळ हाताच्या हुन्नरावर गिरणी चालणार नाही. गिरण्यांना जाणकार माणसे मिळावीत म्हणून 1887 साली मुंबईत एक तंत्रशिक्षण संस्था निघाली. तीच आजची माटुंग्याची व्हीजेटीआय. 1933 साली मुंबई विद्यापीठाने रसायन तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तेव्हा त्यातल्या पहिल्या दोन अभ्यासक्रमांपैकी एक कापडाच्या रसायनशास्त्राचा होता. ती संस्था आज आयसीटी म्हणून ओळखली जाते. 1954 मध्ये घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाईल रिसर्च असोसिएशन सुरू झाली. गिरणीत विव्हिंग मास्तर असे, रंगाईचा केमिस्ट असे, सूत तपासण्याची प्रयोगशाळा असे.

मग 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. कित्येक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्याच नाहीत. विणकाम आधीपासूनच यंत्रमागाकडे सरकत होते, ते आता लोंढ्यासारखे आले. भिवंडीत गाळ्यामागून गाळे उभे राहिले. पण वाचकहो, त्या वेळी जे घडले ते नीट ध्यानात घ्या. गिरण्यांचे काम आपल्याकडे आले. गिरणीचा मास्तर, केमिस्ट आणि प्रयोगशाळा आपल्याकडे आली नाही. आपण स्वस्त मजुरीवर कापड विणत राहिलो आणि कापडाची विद्या दुसरीकडेच राहिली.

बरीच वर्षे हे चालूनही गेले. आता चालत नाही. 1 जानेवारी 2005 पासून जगाच्या कापड व्यापारातील कोट्याची पद्धत संपली आणि गिऱ्हाईक देशोदेशींचा माल एकमेकांशी ताडून पाहू लागले. निर्यातदार आता नुसता भाव विचारत नाही. तो विचारतो, कापडाचे जीएसएम किती? धुतल्यावर किती आटेल? रंग घामाला टिकेल का? बंदी असलेला रंग तर वापरला नाही ना? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कागदावर द्यावे लागते, आणि ज्याच्याकडे कागद नाही त्याचा माल मधल्या माणसाच्या नावाने आणि मधल्या माणसाच्या भावाने जातो. दुसरीकडे, साधे माग भंगारात वजनावर विकले जाताना आपण पाहतो आहोत. मिनिटाला सव्वाशे-दीडशे धागे टाकणाऱ्या साध्या मागाने कित्येक पटींनी वेगवान रेपियर आणि एअरजेटशी टक्कर कशी घ्यावी? आणि कर्ज काढून रेपियर घेतले तरी त्याला लागणारे सूत, सायझिंग आणि देखभाल समजणारा माणूस घरात नसेल, तर यंत्र नवे आणि कापड जुनेच अशी गत होते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ज्या घरात माग, रंगाई किंवा शिलाईचा कारखाना आहे, त्या घरातील एका तरी मुलाने अथवा मुलीने कापडाचेच उच्च शिक्षण घ्यावे.

रस्ता काय आहे तेही सांगतो. दहावीनंतर टेक्स्टाईलचा तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो आणि तो केलेल्यास पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. बारावी विज्ञान केलेल्यांनी सीईटी देऊन चार वर्षांची बी. टेक. करावी. व्हीजेटीआय आणि नांदेडचे गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय येथे टेक्स्टाईल आहे. इचलकरंजीच्या डीकेटीईत विणकामाबरोबर कापडाचे रसायन आणि फॅशन तंत्रज्ञानही आहे. रंगाई-छपाईच्या घरातील हुशार मुलाने आयसीटीचे ध्येय ठेवावे. हातमागावरच काम करायचे असेल तर वाराणसीला 1956 पासून हातमाग तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे.

पदवीनंतर थांबू नये असे आम्ही मुद्दाम सांगतो. गेट परीक्षेत टेक्स्टाईल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर असतो. त्यात पात्र ठरून मान्यताप्राप्त संस्थेत एम. टेक. ला पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्याला दरमहा 12,400 रुपये विद्यावेतनाची सरकारी योजना आहे. दिल्लीच्या आयआयटीतही वस्त्र अभियांत्रिकीचा पूर्ण विभाग आहे. आपल्या कॉमर्सच्या पदवीधरांनीही निराश होऊ नये. खारघरच्या निफ्टमध्ये फॅशन मॅनेजमेंटची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे आणि तिला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. मुलींसाठी जुहूला एसएनडीटी विद्यापीठात वस्त्रशास्त्र आणि परिधान रचनेत एम. एस्सी. करण्याची सोय आहे. ज्या घरातल्या बायका पिढ्यानपिढ्या कांड्या भरत आल्या, जरीचे काम करत आल्या, शिलाई करत आल्या, त्या घरातील मुलींचा या विद्येवर हक्क आधी आहे. त्यांच्या कामाचे मोल आजवर घरकामात धरले गेले. पदवीने ते धंद्यात धरले जाईल.

आता नोकरीचे बोलू. इथे आम्ही कोणाला खोटे स्वप्न दाखवणार नाही. नवख्या टेक्स्टाईल पदवीधराचा पहिला पगार बहुधा कॉम्प्युटरवाल्यापेक्षा कमी असतो. गिरणीतली नोकरी पाळीची असते, आवाज आणि कापसाची धूळ सोसावी लागते, आणि सुरुवात पुष्कळदा घरापासून दूर, सुरत, तिरुपूर किंवा अहमदाबादकडे करावी लागते. हे सर्व खरे आहे. पण दुसरी बाजूही खरी आहे. निर्यातदारांना मर्चंडायझर लागतात, परदेशी खरेदीदारांच्या कचेऱ्यांना दर्जा तपासणारे लागतात, तपासणी प्रयोगशाळांना केमिस्ट लागतात, तयार कपड्यांच्या कारखान्यांना उत्पादनाचे नियोजन करणारे लागतात. शिवाय कापड म्हणजे केवळ सदरा-लुंगी राहिलेले नाही. रस्त्याखाली अंथरायचे कापड, शेतीच्या जाळ्या, दवाखान्यातील पट्ट्या, गाडीतील पट्टे, हा सारा तांत्रिक वस्त्रांचा व्यापार आहे, आणि त्याच्या वाढीसाठी केंद्र सरकारने 2020 साली 1,480 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. अमरावतीला पीएम मित्रा वस्त्रोद्यान ठरले आहे. तिथे खुर्चीवर कोण बसणार आणि हमाली कोण करणार, हे आज कोणती मुले वर्गात बसली आहेत त्यावर ठरेल.

आणि आपल्या मुलाला जो लाभ आहे तो इतरांना नाही. शहरातल्या विद्यार्थ्याने माग पहिल्यांदा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पाहिलेला असतो. आपला मुलगा मागाच्या खटखटाटात झोपून मोठा झालेला असतो. धोटा कुठे अडकला हे त्याला आवाजावरून कळते. या कानाला पुस्तकाची जोड मिळाली तर त्याच्यापुढे कोण टिकेल?

पैशाची अडचण खरी आहे. अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप 2022 मध्ये बंद झाली, तो धक्का होताच. पण राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देते, त्याची चौकशी वेळेत करावी. मुख्य म्हणजे लग्नसमारंभाच्या मांडवावर आपण जो खर्च करतो त्यातला काही भाग बिरादरीने या एका कामासाठी वळवावा. कारखानदारांच्या संघटनांनी दर वर्षी दोन मुलांची आणि दोन मुलींची फी उचलावी, अट एकच ठेवावी: शिक्षण संपल्यावर त्यांनी दोन वर्षे आपल्या गावात एक सामाईक तपासणी केंद्र चालवावे. सुताची ताकद मोजणारे यंत्र, रंगाचा पक्केपणा पाहण्याची साधने, लॉट तपासायचा दिवा, एवढ्या सामानाला एक गाळा पुरतो. एकट्या कारखानदाराला ते झेपणार नाही, पन्नास जणांना जड जाणार नाही.

काही बुजुर्ग म्हणतात, चार वर्षे कॉलेजात घालवून पोराने पुन्हा मागावरच बसायचे तर शिकवायचे कशाला? आम्ही अदबीने विचारतो की, मागावर बसणे आणि मागाचा मालक असणे यात फरक नाही का? आपल्या मालाचा दोष कोणाचा हे दुसरा सांगणार आणि आपण मान खाली घालून कापलेले बिल घेणार, ही मालकी नव्हे. पट्टे पडलेला तो तागा आमच्या मित्राने अजून विकलेला नाही. गाळ्याच्या कोपऱ्यात तसाच ठेवला आहे. त्याची धाकटी मुलगी यंदा दहावीला आहे. तो तागा तिला दाखवावा आणि त्याचे कारण शोधायला तिला शिकू द्यावे, एवढेच आम्ही त्याला सांगितले आहे. आपल्या सर्वांनाही आमचे तेच सांगणे आहे.