पळणारी गाडी की पाहणारी गाडी?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चेन्नईजवळ कोवलमला होतो. बाबांची नोकरी सध्या तिकडे आहे. दुपारच्या उन्हात समुद्रावर जाता येत नसे, म्हणून आईच्या परवानगीने मी रोज एक तास संगणकावर ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ खेळायचो. वसतिगृहात हे मिळत नाही, त्यामुळे तो तास मी पुरेपूर वसूल केला, हे आधीच कबूल करतो.

या खेळात पंधरा विरुद्ध पंधरा अशी लढाई होते. 2019 मध्ये त्यात चाकांच्या हलक्या चिलखती गाड्या आल्या. त्यांतली सर्वांची लाडकी म्हणजे फ्रान्सची ‘पानार ईबीआर’. वाऱ्यासारखी धावते, पण चिलखत पातळ. बहुतेक खेळाडू ती घेऊन लढाई सुरू होताच सुसाट सुटतात, शत्रूच्या घोळक्यात घुसतात आणि पहिल्या दोन मिनिटांत संपतात. मग उरलेले चौदा जण आंधळे होतात. मीही हेच करायचो आणि हरल्यावर दोष मात्र टीमला द्यायचो.

माझे मत असे आहे की ही गाडी म्हणजे छोटा रणगाडा नव्हे. तिचे काम पाहणे आणि सांगणे. खरी ईबीआर दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच सैन्याने टेहळणीसाठी घेतली. तिला आठ चाके होती. रस्त्यावर मधली चार धातूची चाके वर उचललेली असत आणि खराब जमिनीवर ती खाली सोडत. पुढे एक चालक आणि मागे दुसरा, म्हणजे गाडी न वळवता ती तशीच उलटी वेगाने निघू शके. ज्या गाडीला मागे येण्यासाठी वेगळा चालक दिला आहे, तिचे काम आत घुसून मरणे कसे असेल? बातमी घेऊन परत येणे हेच तिचे काम.

आपल्या सैन्याचे उदाहरण तर याहून चांगले आहे. 7 नोव्हेंबर 1947 रोजी श्रीनगरजवळ शालटेंगची लढाई झाली. 7 लाइट कॅव्हलरीच्या चिलखती गाड्या लेफ्टनंट नोएल डेव्हिड यांच्या नेतृत्वाखाली टोळीवाल्यांच्या मागच्या बाजूने आल्या. टोळीवाल्यांना त्या आपल्याच वाटल्या! पायदळ, विमाने आणि या गाड्या यांचा मारा एकत्र झाला आणि शत्रू उधळला. त्या गाड्या केवळ वेगाने जिंकल्या नाहीत. योग्य वेळी, योग्य जागी आणि इतरांशी मेळ ठेवून आल्या, म्हणून जिंकल्या.

काही मित्र म्हणतात, “चूक खेळाची आहे. त्यात या गाड्यांची नजर इतर हलक्या रणगाड्यांपेक्षा कमी ठेवली आहे, मग पळण्याशिवाय करायचे काय?” यात तथ्य आहे. पण त्याच खेळात तुम्ही दाखवलेल्या शत्रूवर साथीदाराने गोळा मारला, तर तुम्हालाही गुण मिळतात. ते गुण आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण फक्त स्वतःचे ‘किल’ मोजतो.

हे मला खेळातून नाही, मैदानावर कळले. गेल्या सत्रात नकाशावाचनाच्या सरावात मी आमच्या सेक्शनचा स्काउट होतो. मी धावत टेकडीवर सर्वांच्या आधी पोहोचलो आणि छाती फुगवून उभा राहिलो. मागे वळून हाताचा इशारा द्यायचा, ते विसरलो. आठ जण चुकीच्या ओढ्याने गेले. त्यात सातवीचा एक छोटा कॅडेट होता, त्याचा पाय मुरगळला. उस्ताद ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, “स्काउट पहुँच गया, सेक्शन कहाँ है?” ते वाक्य मला अजून टोचते. खेळात गाडी फुटली की गॅरेजमध्ये दुसरी तयार असते. त्या छोट्या कॅडेटला मात्र आम्ही आळीपाळीने पाठीवर आणले.

कोवलमच्या शेजारीच तिरुविडंदई येथे 2018 मध्ये डिफेक्स्पो हे संरक्षण प्रदर्शन भरले होते. आपल्या महाराष्ट्रातही अहिल्यानगरच्या व्हीआरडीई संस्थेने टाटांच्या सोबतीने आठ चाकांची चिलखती गाडी बनवली आहे. ती पाण्यातही चालते. एप्रिल 2022 मध्ये पुण्यात अशा गाड्या सैन्याकडे देण्यात आल्या. उद्या आपल्यापैकी कोणी खरोखरच अशा गाडीत बसेल. तेव्हा त्याच्या मागे संगणकातली नावे नसतील, माणसे असतील.

म्हणून पालकांना आणि सरांना माझी विनंती आहे. सुट्टीत मुलगा असा खेळ खेळत असेल, तर ‘किती मारले?’ असे विचारू नका आणि लगेच संगणकही बंद करू नका. विचारा, “आज तू काय पाहिलेस आणि कोणाला सांगितलेस?” उत्तर देता आले नाही, तर तो नुसता पळत होता असे समजा.

आणि मित्रहो, पुढच्या सरावात मी पुन्हा स्काउट होण्यासाठी नाव दिले आहे. या वेळी टेकडीवर मी कदाचित शेवटी पोहोचेन. पण सेक्शन माझ्यासोबत असेल.