स्थिर उभे राहिलेले इंजिन

केळापूरच्या जगदंबेच्या चरणी यंदाचा दिवाळी अंक ठेवताना, कापसाच्या या मुलखात बसून आम्ही वाफेच्या इंजिनांची आद्य छायाचित्रे हाच मुख्य विषय का निवडला, हे वाचकांना प्रथम सांगणे आमचे कर्तव्य आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. परंतु त्या काळच्या ओल्या काचेवर प्रतिमा उमटण्यास कित्येक क्षण लागत असल्याने, वेग हेच ज्याचे वैभव, ते इंजिन थांबवल्यावाचून त्याचे चित्र घेताच येत नसे. जो हलला, त्याचे धुके झाले. बोरघाटातील रेल्वेमार्गाचा मक्ता घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली निवर्तल्यावर ज्यांनी ते काम तडीस नेले, त्या त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी घाटाची छायाचित्रेही घेतली. १८६३ साली खुल्या झालेल्या त्या घाटात ऐन भरात ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. पाटी उचलणारा हात त्या काचेवर कसा टिकणार? पुलांच्या कमानी मात्र स्वच्छ उमटल्या. ही खंत आम्हांला त्या चित्रांच्या सौंदर्याहून मोठी वाटते.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याचा या कथेशी संबंध कापसाचा. ज्या मँचेस्टरच्या बाजारासाठी वऱ्हाडचा कापूस गाड्या भरभरून निघे, त्याच मँचेस्टरात १९२१ साली घडलेले इंजिन यवतमाळ-मूर्तिजापूरच्या अरुंद रुळांवर, आपल्या ‘शकुंतला’ गाडीला ओढत, १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबले. कॅमेरा तोवर चपळ झाला होता. धावत्या गाडीचा धूरही त्याला टिपता येत होता. तरीही, अशा चित्रांत इंजिनाचा क्रमांक स्पष्ट वाचता येतो आणि पायरीवर उभ्या असलेल्या, फावडे हाती धरलेल्या कोळसेवाल्याचे नाव मात्र कोठेच नसते, हे पाहून मन विषण्ण होते.

म्हणून एक विनंती. दिवाळीच्या झाडलोटीत जुनी पेटी उघडाल, तेव्हा फलाटावरचे, रुळांवरचे, सरकी-कापसाच्या गाड्यांजवळचे एखादे पिवळे पडलेले चित्र हाती लागल्यास ते घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे धरावे, त्यातली माणसे कोण ते विचारावे, आणि चित्राच्या पाठीमागे शिसपेनने, हलक्या हाताने, ती नावे लिहून ठेवावीत.