प्रवेश झाला? आता कुलपं उघडायला लावा!

अभिनंदन! ॲलॉटमेंट लागली, फ्रीज करायचं की बेटरमेंटला जायचं यावर घरात दोन रात्री भांडणं झाली, फी भरली, स्टेटसला कॉलेजच्या गेटचा फोटोही पडला. आता एक सांगा. ज्या जागी पुढची तीन-चार वर्षं काढायची, तिथलं तुम्ही नक्की काय बघितलंत?

मीच सांगते. गेट. सिक्युरिटीवाल्या काकांची वही. ॲडमिशन काउंटरसमोरची रांग. समोरचं झेरॉक्सचं दुकान, कारण डोमिसाइलची एक कॉपी कमी पडली होती. आणि परत गेट.

आपल्या आया आठशे रुपयांची साडी घेताना पदर पूर्ण उलगडतात, दुकानाच्या दारात उजेडात नेऊन रंग बघतात आणि तरी म्हणतात, ‘दुसरी दाखवा.’ पंधरा हजारांचा फोन घ्यायचा तर आपण आठवडाभर रिव्ह्यू बघतो. आणि लाखाच्या घरात फी भरताना? माहितीपत्रकातले फोटो. त्या फोटोंमध्ये कायम एक मुलगी पुस्तक छातीशी धरून हसत असते. ती कुठल्याच कॉलेजात कुणाला भेटलेली नाही.

माझंही हेच झालं. मास कॉमला प्रवेश घेतला तेव्हा माहितीपत्रकाच्या मधल्या पानावर भला मोठा स्टुडिओ होता. लाइट्स, कॅमेरे, मागे निळा पडदा. मी त्या पानासाठीच ते कॉलेज निवडलं, हे आज कबूल करायला हरकत नाही. प्रवेशाच्या दिवशी बाबा सोबत होते. काउंटरचं काम झाल्यावर ते म्हणाले, ‘एवढी फी भरतोय, तो स्टुडिओ एकदा बघून तर घेऊ.’ आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. दाराला कुलूप. तिथले शिपाईमामा म्हणाले, ‘चावी सरांकडे, सर रजेवर.’ बाबा म्हणाले, थांबू थोडा वेळ, दुसऱ्या कुणाला तरी विचारू. आणि मी काय म्हणाले? ‘बाबा, चला ना, बरं नाही दिसत.’

ते कुलूप माझ्यासाठी दुसऱ्या सेमिस्टरला उघडलं. आत दोन कॅमेरे, त्यातल्या एकाची बॅटरी चार्ज व्हायची नाही. टेलिप्रॉम्प्टरवरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. वर्गात आम्ही साठ जण. पूर्ण सेमिस्टरमध्ये माझ्या वाट्याला कॅमेरा आला जेमतेम तीन वेळा. एडिटिंग मी शिकले ते मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, तिच्या होस्टेलच्या पायऱ्यांवर बसून. कॉलेजवर राग आहेच. पण त्याहून जास्त राग त्या ‘बरं नाही दिसत’चा आहे. फी भरणाऱ्याने वस्तू बघायला मागितली, तर त्यात न दिसण्यासारखं काय होतं?

म्हणून माझं मत सरळ आहे. प्रवेश झाल्यावर, वर्ग सुरू होण्याआधी, प्रत्येक विद्यार्थ्याला कॅम्पस आतून बघायला मिळालाच पाहिजे. काचेच्या कपाटातल्या ट्रॉफ्या आणि एसी सेमिनार हॉल सोडून बाकीचं सगळं.

आधी एक साधी गोष्ट. कॅम्पस म्हणजे नक्की कुठला? ‘मुंबई विद्यापीठात ॲडमिशन मिळाली’ म्हटलं की डोळ्यांसमोर फोर्टचा राजाबाई टॉवर येतो. प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला आणि त्यांच्या आईचं नाव मिरवणारा तो टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. फोटोला अप्रतिम. पण विद्यापीठाचे बरेचसे विभाग आहेत कलिन्याला, सांताक्रूझ पूर्वेला. चर्चगेटजवळची रूम शोधत बसलात तर पाया खचेल आणि खिसाही. पुण्यातही तसंच. विद्यापीठाचा पत्रकारितेचा विभाग म्हणजे रानडे इन्स्टिट्यूट. ते गणेशखिंडला नाही, फर्ग्युसन रोडवर आहे. पत्ता नीट वाचणं हीसुद्धा कॅम्पस टूरच असते.

आणि गणेशखिंडचा मुख्य कॅम्पस बघायचाच असेल तर पायात बूट घालून जा, कारण तो चारशे एकरांहून मोठा आहे. मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचा जुना पावसाळी बंगला. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ इथेच झाला आणि इथून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातला तो प्रसंग आणि तुमचा रोजचा बसस्टॉप एकाच रस्त्यावर! ग्रंथालयाला नाव आहे बॅरिस्टर जयकरांचं. १९४९ मध्ये विद्यापीठ सुरू झालं तेव्हाचे ते पहिले कुलगुरू. शेजारी आयुका, चार्ल्स कोरियांनी रेखाटलेली वास्तू, चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. अर्धा दिवस फिरलात तरी पाय दुखतील, मन भरणार नाही.

फिरा, सेल्फी काढा. पण मग तुमच्या विभागाकडे वळा. दगडी इमारत तुम्हाला प्रॅक्टिकल शिकवणार नाहीये.

ग्रंथालयापासून सुरू करा. ‘आमच्याकडे इतकी हजार पुस्तकं आहेत’ हा बोर्ड वाचून पुढे जा. कपाटापर्यंत स्वतः जाता येतं का, की चिठ्ठी लिहून काउंटरवर द्यायची आणि आतून कुणीतरी ‘नाहीये’ असं ओरडायचं, ते बघा. तुमच्या विषयाचं एखादं पुस्तक काढा आणि शेवटच्या पानावरचा तारखांचा कागद वाचा. शेवटचा शिक्का दहा वर्षांपूर्वीचा असेल तर त्या ग्रंथालयाबद्दल वेगळं काही विचारायला नको. परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्ष किती वाजेपर्यंत उघडा असतो, हे विचारा. साडेपाच म्हणाले तर तुमचा अभ्यास रूमवरच होणार आहे आणि रूममध्ये चार जण आहेत, हे गणित आत्ताच मांडून ठेवा.

लॅबमध्ये कॉम्प्युटर किती, हे विचारू नका. चालू किती आणि एका बॅचला मुलं किती, हे विचारा.

शिक्षकांबद्दल विचारायला आपल्याला सगळ्यात जास्त संकोच वाटतो. पण हाच प्रश्न मोठा आहे. विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? तासिका तत्त्वावरचे अनेक सर-मॅडम जीव तोडून शिकवतात, माझे सगळ्यात चांगले सर त्यातलेच होते. पण त्यांना दिवसात दोन कॉलेजं गाठायची असतात. लेक्चर संपल्यावर शंका विचारायला तुम्ही मागे वळाल तेव्हा त्यांनी हेल्मेट घातलेलं असेल. यात त्यांची चूक नाही. पण तुम्हाला ते माहीत असलं पाहिजे.

मुलींनो, वॉशरूमला जा. रिसेप्शनजवळच्या नाही, तुमचा वर्ग ज्या मजल्यावर भरणार आहे त्या मजल्यावरच्या. कडी लागते का, पाणी आहे का, पॅड टाकायला डबा आहे का? दिवसभर पाणी न पिता वर्ग करणाऱ्या मैत्रिणी मी बघितल्यात. होस्टेल दुपारी बारा वाजता बघू नका, त्या वेळी सगळीच होस्टेलं चांगली दिसतात. संध्याकाळी सातनंतर लायब्ररीपासून होस्टेलपर्यंत एकदा चालून बघा, दिवे लागतात का ते कळेल. आणि तुमच्या बॅचला कुणी व्हीलचेअरवर असेल तर रॅम्प कुठे संपतो ते बघा. काही रॅम्प थेट दोन पायऱ्यांपाशी जाऊन थांबतात.

सीनियर्सना विचारा. मात्र गळ्यात ‘स्वयंसेवक’ पट्टी घातलेल्यांना नको, कँटीनमध्ये तिसरा चहा पीत बसलेल्यांना. ते खरं सांगतात, आणि कधीकधी जरा जास्तच सांगतात, तेवढं वजा करून घ्या. ‘कमवा आणि शिका’चा अर्ज कुठे मिळतो, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं आणि तेही एका चहाच्या टेबलावर.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं ठीक, पण सीट मिळाली हेच नशीब. बघून करणार काय? हा मुद्दा खरा आहे आणि मी तो झटकणार नाही. अमेरिकेत प्रवेश मिळालेल्या मुलांना कॉलेजं खास दिवस ठरवून बोलावतात, मुलं फिरतात आणि मग साधारण १ मेपर्यंत कुठे जायचं ते कळवतात. आपल्याकडे कॅपच्या फेरीनंतर कॉलेजला रिपोर्ट करायला हातात मोजके दिवस. धडगावहून किंवा अहेरीहून पुण्याला येणाऱ्या मुलाचा एका फेरीचा खर्च म्हणजे घरातली आठवड्याची मजुरी. त्याला ‘आधी कॅम्पस बघून ये’ म्हणणं ही चेष्टा आहे.

म्हणूनच ही जबाबदारी कॉलेजांची आहे. नवीन काही मागत नाहीये. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘दीक्षारंभ’ नावाची मार्गदर्शिका २०१९ पासून आहे. नव्या विद्यार्थ्यांना संस्था, विभाग आणि सुविधा यांची ओळख करून द्यावी, हे तिच्यातच आहे. अभियांत्रिकीला एआयसीटीईने २०१७ मध्ये तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्राम आणला. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी त्याचं काय होतं? सेमिनार हॉलमध्ये दीपप्रज्वलन, चार भाषणं, वडापाव, घरी. तो वेळ सरळ प्रयोगशाळांची दारं उघडण्यात घालवा ना! आणि ज्यांना येणं परवडत नाही त्यांच्यासाठी दोन सीनियर्सनी फोन हातात धरून अर्धा तास व्हिडिओ कॉलवर विभाग दाखवावा. ड्रोन शॉट नको, मागे म्युझिक नको. खर्च शून्य.

माहिती मागायचा हक्कही आहे. एआयसीटीईची मान्यता असलेल्या संस्थांना शिक्षक, फी आणि सुविधा यांची माहिती ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ म्हणून वेबसाइटवर टाकावीच लागते. तो कागद डाउनलोड करा, प्रिंट काढा आणि हातात घेऊन फिरा. आणि बघून खरंच मन उडालं तर? आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्क वजा करून सगळी फी परत मिळते. पुढे हे प्रमाण ९०, ८०, ५० टक्के असं उतरत जातं आणि शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की शून्य. कॅपच्या कोर्सेसना सीईटी सेलची माहितीपुस्तिका लागू, तीही वाचा. मूळ गुणपत्रिका आणि दाखले कॉलेजने अडकवून ठेवायचे नाहीत, हेही त्याच अधिसूचनेत आहे. म्हणजे बघायला उशीर करणं पैशातही महाग पडतं.

प्रवेश बदलता येत नसेल, तरी बघाच. पहिल्या दिवशी माहीत असलेली बंद बॅटरी पन्नास जणांच्या सहीने पहिल्याच महिन्यात बदलून मागता येते. आम्हाला कळलं तेव्हा सेमिस्टर संपत आलं होतं.

गेल्या आठवड्यात मावसभावाच्या ॲडमिशनला गेले होते. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. काउंटरचं काम झालं आणि मी म्हटलं, आम्हाला लॅब बघायचीय. क्लार्क म्हणाले, आज कुणी नाही. मावशीने माझ्याकडे बघितलं, तिचा चेहरा अगदी तीन वर्षांपूर्वीच्या माझ्यासारखा, ‘बरं नाही दिसत’वाला. मी म्हटलं, थांबतो आम्ही. पाऊण तास बाकावर बसलो. मावशीने डबा उघडला, आम्ही पोळी-भाजी खाल्ली. मग लॅब असिस्टंट काका चाव्यांचा जुडगा वाजवत आले. मला वाटलं वैतागले असतील. उलट खूशच झाले. म्हणाले, इतक्या वर्षांत आई-वडील लॅब बघायला आले नाहीत, थेट तक्रार करायला येतात. त्यांनी पंखे लावले, दोन मशीन सुरू करून दाखवली, सर्व्हरची खोलीही दाखवली. निघताना भावाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, ‘बाळा, बॅच सुरू झाली की खिडकीकडच्या रांगेत बसू नको. तिथं नेट येत नाही.’