यंत्राची जोडी आणि खेळाचा वेग

विद्यार्थ्यांच्या तोंडीं अलीकडे कांहीं नवे शब्द सारखे येऊं लागले आहेत. कबड्डी व क्रिकेट यांच्या बरोबरीनें ‘व्हॅलोरंट’ व ‘काउंटर-स्ट्राइक’ या संगणकावरील नेमबाजीच्या खेळांची चर्चा मधल्या सुटींत चालते. बहुतेक मुलें असले खेळ मोबाइलवरच खेळतात. परंतु ज्यांना त्यांतील चढाओढीची गोडी लागते, तीं पुढें संगणकाचा हट्ट धरतात. त्या हट्टाचें रूप बहुधा एकच असतें: “मोठें ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक घेऊन द्या.” भंडारदऱ्याच्या आसपास भाताच्या पिकावर किंवा पर्यटकांच्या हंगामावर ज्यांचा संसार चालतो, त्या पालकांना हा खर्च लहान नाहीं. म्हणून या मागणीचा विचार रागानें किंवा लाडानें न करितां तो समजून उमजून करावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. यंत्र घेतांना त्याच्या एका भागाच्या मोठेपणावर भुलूं नये. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची जोडी जुळते कीं नाहीं, हें आधीं पाहावें. आणि स्पर्धेच्या नेमबाजींत या जोडीपैकीं ज्याची उपेक्षा होते तो प्रोसेसरच बहुधा अधिक महत्त्वाचा असतो.

प्रथम या दोघांचीं कामें पाहूं. पडद्यावरील हालचाल म्हणजे एकामागून एक झरझर येणारीं स्थिर चित्रें होत. प्रत्येक चित्रापूर्वीं प्रोसेसर माउसची हालचाल वाचतो, दहाही खेळाडू कोठें आहेत याचा हिशेब करितो, आवाज कोणत्या बाजूनें आला हें ठरवितो, दूरच्या सर्व्हरकडून आलेले निरोप जुळवितो, आणि शेवटीं काय काढावयाचें याची यादी ग्राफिक्स कार्डाच्या हातीं देतो. कार्ड त्या यादीबरहुकूम लक्षावधि ठिपके रंगवून चित्र पुरें करितें. कार्ड एक चित्र रंगवीत असतां प्रोसेसर पुढच्या चित्राची तयारी करितो. अर्थात् दोघांपैकीं ज्यास अधिक वेळ लागतो, त्याच्याच चालीनें सारा खेळ चालतो.

हें एका साध्या उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एका चित्राच्या तयारीस प्रोसेसरला ५ मिलिसेकंद आणि तें रंगविण्यास कार्डाला २ मिलिसेकंद लागतात. तर सेकंदाला २०० चित्रें निघतील. आतां वडिलांनीं कर्ज काढून दुप्पट वेगाचें कार्ड आणिलें. रंगविण्याचा वेळ २ वरून १ मिलिसेकंदावर आला. पण चित्रें किती? तींच २००. एकही चित्र वाढलें नाहीं. याउलट जुनेंच कार्ड ठेवून प्रोसेसरचा वेळ ५ वरून ४ मिलिसेकंदांवर आणिला असता, तर चित्रें २५० झालीं असतीं.

आमच्या मुलखांत हें तत्त्व समजावून सांगण्यास दूर जावें लागत नाहीं. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याचें पाणी प्रवरेच्या पात्रांतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जातें व तेथून डाव्या व उजव्या कालव्यांत शिरतें. धरण कांठोकांठ भरलें असलें, तरी शेताच्या बांधावर येणारें पाणी चारीच्या तोंडाइतकेंच असतें. चारी अरुंद असतां धरणाची भिंत उंच करा म्हणणाऱ्यास आपण शहाणा म्हणणार नाहीं. तसेंच बैलांचें आहे. डांगी बैलांची जोडी जमवितांना शेतकरी एकाचीच छाती पाहून पैसे मोजीत नाहीं. दोघांची उंची, चाल व दम जुळतो कीं नाहीं हें तो पाहतो. संगणकाच्या दुकानांत मात्र हें शहाणपण आपण बाहेर ठेवून जातों.

येथें कोणी विचारील कीं, मग दुकानदार व जाहिराती कार्डाचेंच कौतुक कां करितात? त्यास कारण आहे. ज्या खेळांत डोंगर, पाणी, सावल्या व प्रकाश यांची शोभा हाच मुख्य आनंद असतो, तेथें खरोखरच कार्डावर भार पडतो. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर एका चित्रांत २०,७३,६०० ठिपके असतात. ३८४० बाय २१६० च्या पडद्यावर ते ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट होतात. तेथें मोठें कार्ड शोभतें. परंतु स्पर्धेंत उतरणारा नेमबाज शोभा मुद्दाम कमी करितो. काउंटर-स्ट्राइकमध्यें तर पुष्कळ कसलेले खेळाडू १२८० बाय ९६० एवढेंच चित्र ठेवितात. त्यांत १२,२८,८०० ठिपके येतात. यानें कार्डाचें ओझें हलकें होतें. प्रोसेसरचें होत नाहीं. खेळाडू दहाचे दहाच राहतात, गोळ्या तितक्याच सुटतात, सर्व्हरचे निरोप तितकेच येतात. उलट कार्ड मोकळें झाल्यानें तें प्रोसेसरकडे अधिक चित्रांची मागणी करितें. २०२० सालीं व्हॅलोरंट निघाला तेव्हां त्याच्या कर्त्यांनीं सेकंदाला १४४ चित्रांसाठीं जीटीएक्स १०५० टीआय हें कार्ड सुचविलें होतें. तें २०१६ सालचें, मध्यम किंमतीचें होतें. या एका गोष्टीवरूनही असल्या खेळाला कार्डाची भूक किती थोडी, हें कळून येईल.

प्रोसेसर निवडतांनाही केवळ गिगाहर्ट्झचा आंकडा पाहून चालत नाहीं. एएमडी कंपनीच्या ‘रायझन ७ ५८००एक्स’ या प्रोसेसरचा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ आहे. त्याच घराण्यांतील ‘५८००एक्स३डी’ हा एप्रिल २०२२ मध्यें आला. त्याचा कमाल वेग ४.५, म्हणजे कमीच. तरीही बहुतेक खेळांत तो आपल्या भावाच्या पुढें गेला. कारण त्याच्या पोटांत ३२ ऐवजीं ९६ मेगाबाइट कॅश आहे. स्वयंपाकघरांतील फडताळ मोठें असलें म्हणजे प्रत्येक चिमटीसाठीं माळ्यावरच्या डब्याकडे धांवावें लागत नाहीं, तसेंच हें आहे. मेमरीच्या बाबतींतही १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षां ८ जीबीच्या दोन जुळ्या पट्ट्या घेणें बहुधा हिताचें. दोन वाटांनीं माल येतो, एका वाटेवर दाटी होत नाहीं.

आणखी एका फसव्या आंकड्याविषयीं सावध केलें पाहिजे. तो म्हणजे सरासरी. समजा, शंभर चित्रांपैकीं ९९ चित्रें ४ मिलिसेकंदांत आलीं व एक मात्र १०४ मिलिसेकंद अडकलें. एकूण वेळ ५०० मिलिसेकंद, सरासरी सेकंदाला २०० चित्रें. कागदावर यंत्र उत्तम ठरलें! पण त्या अडकलेल्या एका क्षणींच प्रतिस्पर्धी कोपऱ्यावरून बाहेर आला असेल, तर? वर्गाची सरासरी चांगली असतांही एखादा विद्यार्थी नापास होतो, हें आम्हां शिक्षकांस चांगलें ठाऊक आहे. म्हणून यंत्राची परीक्षा करणारे जाणते लोक सरासरीबरोबर सर्वांत मंद अशा शेंकडा एक चित्रांचा वेगही पाहतात. असे गचके पुष्कळदां प्रोसेसर, मेमरी किंवा मागें चालू ठेवलेले इतर प्रोग्राम यांच्यामुळें बसतात; अशा वेळीं नुसतें मोठें कार्ड घेऊन ते जात नाहींत.

न्यायानें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कार्ड फारच दुबळें घेतलें तर तेंही बाधतें. कार्ड शंभर टक्के गुंतलें म्हणजे प्रोसेसरनें तयार केलेल्या याद्या त्याच्या दाराशीं रांग लावून बसतात; माउस आतां हलविला आणि पडद्यावर दिसलें मागचें, असा प्रकार होतो. यावर एनव्हिडिया कंपनीनें २०२० मध्यें ‘रिफ्लेक्स’ नांवाची सोय काढिली. चित्रांच्या संख्येवर थोडी मर्यादा घालूनही ही रांग कमी करितां येते. तात्पर्य, आमचा आग्रह प्रोसेसरच्या बाजूनें पक्षपात करण्याचा नसून तोल राखण्याचा आहे.

ज्यांच्या घरीं संगणक आहेच, त्यांनीं नवी खरेदी करण्यापूर्वीं एक सोपा प्रयोग करावा. खेळांतील चित्रांची संख्या टिपून घ्यावी. मग रिझोल्यूशन कमी करून तोच नकाशा पुन्हां खेळावा. संख्या चांगली वाढली, तर अडथळा कार्डाचा होता. ती होती तेथेंच राहिली, तर अडथळा प्रोसेसरच्या बाजूचा आहे, व नव्या कार्डाचे पैसे वांचले! दोन मिनिटांच्या या प्रयोगास कांहींच खर्च नाहीं. विज्ञानाच्या तासाला आम्ही जें शिकवितों, कीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा, तें येथें घरच्या घरीं उपयोगास येतें. शिवाय मॉनिटरची तार कार्डालाच जोडली आहे ना, मदरबोर्डाला नाहीं ना, हेंही पाहावें; महागडें कार्ड असून तें बाजूला बसून राहिल्याचीं उदाहरणें कमी नाहींत.

“आतां मोठें कार्ड घेऊं, प्रोसेसर पुढें बदलूं,” असें कांहीं विद्यार्थी म्हणतात. या म्हणण्यांत थोडें तथ्य आहे. एएमडीच्या एएम४ या बैठकीवर २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२२ च्या ५८००एक्स३डीपर्यंत अनेक पिढ्या बसल्या, आणि कित्येकांनीं जुना मदरबोर्ड ठेवून केवळ प्रोसेसर बदलला. परंतु प्रत्येक बैठकीचें आयुष्य एवढें नसतें. पुष्कळ वेळां प्रोसेसरबरोबर मदरबोर्ड व मेमरीही बदलावी लागते. कार्ड बदलणें त्या मानानें सोपें. म्हणून पैसे थोडे असतील, तर आमच्या मतें हा क्रम उलटा करावा: आज प्रोसेसर बरा, कार्ड मध्यम; पुढें गरज पडल्यास कार्ड मोठें. बऱ्या प्रोसेसरचा उपयोग प्रोग्रामिंग शिकण्यास, हिशेब ठेवण्यास व अभ्यासासही होतो, हा लाभ वेगळाच.

लॅपटॉप घेणारांनीं नांवावर जाऊं नये. ‘आरटीएक्स ४०६०’ हें एकच नांव धारण करणारें लॅपटॉपमधील कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत निरनिराळ्या शक्तीनें चालविलेलें असूं शकतें. नांव एक, काम भिन्न. जुनें यंत्र घेणारांनीं विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला हें ध्यानांत ठेवावें, आणि विंडोज ११ त्या यंत्रावर चालतें कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी.

आतां या वेगाची किंमतही तोलून पाहूं. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनीं नवें चित्र दाखवितो. १४४ हर्ट्झचा ६.९ नीं. म्हणजे जवळ जवळ १० मिलिसेकंदांचा लाभ. मॉनिटर ६० चाच ठेवून यंत्राकडून ३०० चित्रें काढविणें म्हणजे बरीचशीं चित्रें न पाहतांच टाकून देणें होय. पण २४० वरून ३६० हर्ट्झवर गेल्यानें लाभ होतो तो केवळ १.४ मिलिसेकंदांचा, खर्च मात्र त्या प्रमाणांत कमी होत नाहीं. इकडे डोळ्यानें पाहून बोट दाबण्यास मनुष्याला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, आणि पावसाळ्यांत आमच्या भागांत नेटवर्क अडखळूं लागलें म्हणजे त्यांत आणखी किती भर पडते, हें मुलांना सांगावयास नको. एवढ्या मोठ्या नदींत तें दीड मिलिसेकंद म्हणजे ओंजळभर पाणी. नेम सुधारतो तो सरावानें, नकाशा पाठ केल्यानें, साथीदारांशीं नीट बोलल्यानें आणि वेळेवर झोपल्यानें.

या खेळांतून नांव मिळवितां येतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. मुंबईच्या ‘ग्लोबल ई-स्पोर्ट्स’ या संघाची २०२२ मध्यें व्हॅलोरंटच्या पॅसिफिक लीगसाठीं निवड झाली, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट आहे. पण २०२३ मध्यें ती लीग सुरू झाली तेव्हां तींत संघ दहा होते, आणि त्यांत भारताचा एकच होता, हेंही लक्षांत घ्यावें. २०२५ च्या केंद्रीय कायद्यानें ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांस बंदी केली. पालकांनीं हा भेद ओळखावा: खेळाची चढाओढ वेगळी, जुगार वेगळा.

शेवटीं पालकांस एक विनंती. मुलानें यंत्र मागितलें तर एकदम ‘नाहीं’ म्हणूं नका, एकदम ‘घे’ ही म्हणूं नका. त्यास सांगा: कोणत्या खेळासाठीं, कोणत्या पडद्यावर, सेकंदाला किती चित्रें हवींत, आणि त्यास कोणता प्रोसेसर व कोणतें कार्ड जुळतें, हें एका कागदावर किंमतींसह लिहून आण; त्याखालीं रोज किती वेळ खेळणार तेंही लिही. जो मुलगा किंवा मुलगी असा कागद मनापासून तयार करील, तिला गणित, विज्ञान व घरची परिस्थिति या तिन्ही विषयांचा पाठ मिळेल. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेंच सांगणें आहे: घरांतील पैसा हाही एका लहान चारीनें येणारा प्रवाह आहे. मागणी करण्यापूर्वीं त्या चारीचें तोंड केवढें आहे, तें पाहा.