ड्यूक मोठा की काउंट मोठा?

गेल्या महिन्यात वस्तीतल्या अभ्यासवर्गात फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा चालला होता. नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, ड्यूक मोठा की काउंट मोठा?” आम्ही पडलो कारकून. व्याजाचा हिशेब विचारला असता तर उभ्या उभ्या सांगितला असता! पण मुलांचा प्रश्न टाळू नये, म्हणून वाचनालय गाठले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

उत्तर सोपे आहे. ड्यूक मोठा. इंग्लंडात वरून खाली क्रम असा : ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. युरोपात इतरत्र ज्याला काउंट म्हणत तो इंग्लंडचा अर्ल. गंमत म्हणजे अर्लच्या पत्नीला मात्र काउंटेसच म्हणतात.

परंतु हे शब्द मुळात कुळ सांगत नव्हते, काम सांगत होते. ड्यूक हा शब्द लॅटिन ‘डुक्स’पासून आला, अर्थ सेनानायक. काउंट म्हणजे सम्राटाचा सोबती. व्हायकाउंट त्याचा मदतनीस. मार्क्विस सरहद्दीचा राखणदार. बॅरनचा मूळ अर्थ नुसता ‘माणूस’. नाइट म्हणजे जुन्या इंग्रजीत पोरगा, नोकर. मार्शल हा घोड्यांची निगा राखणारा चाकर. आणि लॉर्ड? घरातली भाकरी राखणारा! लेडी म्हणजे पीठ मळणारी. आमच्या माता-भगिनी रोज पहाटे पीठ मळतात. त्यांना कोणी लेडी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

मग चाकराचा धनी कसा झाला? फ्रँक राजे काउंटला एखाद्या मुलखाचा कारभार देत व त्याबद्दल जमीन देत. काम राजाचे, राजा ते काढूनही घेऊ शके. पण बापाच्या मागे मुलगा जमीन सोडीना. सन ८७७ मध्ये सम्राट चार्ल्स द बाल्ड इटलीच्या स्वारीवर निघाला, तेव्हाच्या त्याच्या आदेशात काउंटचे पद मुलाकडे जाण्याची चाल गृहीतच धरलेली दिसते. कामाचे नाव रक्ताला चिकटले ते असे. पुढे ज्याने रणांगण पाहिले नाही तोही जन्माने ‘सेनानायक’ झाला. फ्रान्समध्ये तर ‘ताय’ नावाचा कर सरदारांना माफ, आणि राबणारा शेतकरी तो भरी.

याचा स्फोट १७८९ साली झाला. १९ जून १७९० रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने वंशपरंपरागत किताब रद्द केले. नेपोलियनने १८०८ मध्ये नवे सरदार निर्माण केले, म्हणजे खोड लवकर जात नाही! ऑस्ट्रियाने १९१९ मध्ये कायदा करून सरदारकी संपवली. इंग्लंडने १९९९ च्या कायद्याने लॉर्ड सभेतील ९२ जागा सोडून बाकी वंशपरंपरागत लॉर्डांना सभेबाहेर काढले.

आपल्या देशातही इंग्रजांनी किताब वाटले. १९१९ मध्ये सत्येंद्र प्रसन्न सिन्हा ‘लॉर्ड सिन्हा’ झाले. स्वतंत्र भारताने मात्र हा दरवाजा बंद केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने घडवलेल्या संविधानाचे कलम १८ सांगते की, लष्करी व विद्याविषयक मानाखेरीज राज्याने कोणालाही किताब देऊ नये. आणि नागरिकाने परकीय राज्याकडून तो घेऊ नये.

हे सारे आम्ही पुढच्या वर्गात सांगितले. ती मुलगी म्हणाली, “सर, काम बापाने केले, तर नाव मुलाने का लावायचे?” फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेलाही हाच प्रश्न पडला होता. आम्ही तिला पहिल्या बाकावर बसवले.