पोषण-संशोधनाचा प्राधान्यक्रम कोण ठरविणार?

पुण्याच्या डेक्कन जिमखाना परिसरात दोन जुन्या संशोधन संस्था एकमेकींपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर उभ्या आहेत. एक गोखले अर्थशास्त्र संस्था आणि दुसरी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची, आज आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाणारी प्रयोगशाळा. अर्धशतकापूर्वी या दोन वास्तूंमधून एकाच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दिली गेली. प्रश्न वरवर साधा होता. भारतीय माणसाला धडधाकट जगण्यासाठी नेमके किती अन्न लागते?

प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दरडोई दररोज २२५० उष्मांक ही त्यांची मोजपट्टी होती. त्याच सुमारास डॉ. पां. वा. सुखात्मे पुण्यास परतले होते. सातारा जिल्ह्यातील बुध गावचा हा संख्याशास्त्रज्ञ १९५१ पासून १९७० पर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाची धुरा वाहत होता. विज्ञानवर्धिनीत बसून त्यांनी निराळा विचार मांडला. माणसाची अन्नाची गरज हा एक ठरीव आकडा नसून ती माणसागणिक, आणि एकाच माणसाच्या बाबतीत काळानुसारही बदलते. सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित ठरविणे चूक आहे. शिवाय दूषित पाण्याने पोट बिघडलेल्या बालकाच्या अंगी खाल्लेले अन्न लागतच नाही, म्हणून शुद्ध पाणी आणि स्वच्छता हाही पोषणाचाच भाग मानला पाहिजे. दांडेकरांसह अनेकांनी त्यांच्या सांख्यिकी भूमिकेवर कडाडून टीका केली. या युक्तिवादाने उपाशी माणसांची संख्या केवळ कागदावर कमी होईल, ही त्यांची भीती निराधार नव्हती.

हा वाद विद्वत्तेचा होता आणि दोन्ही पक्ष प्रामाणिक होते. परंतु असे प्रश्न तर्काने सुटत नाहीत, ते मोजमापाने सुटतात. त्यासाठी आपल्या खेड्यापाड्यांतील, आपले अन्न खाणाऱ्या, आपल्या शेतात राबणाऱ्या माणसांचा वर्षानुवर्षे अभ्यास व्हावा लागतो. तो कोणी करावयाचा, कोणत्या प्रश्नाला आधी हात घालावयाचा आणि त्याचा पैसा कोणाच्या तिजोरीतून यावयाचा, हे ठरविणारी व्यवस्था देशाजवळ असावी लागते. पोषण-संशोधनाची खरी अडचण येथे आहे. आपल्याकडे शास्त्रज्ञांची वाण नाही. वाण आहे ती प्रश्नांचा क्रम लावणाऱ्या व्यवस्थेची.

क्रम चुकला म्हणजे काय होते, याचा अनुभव जगाने घेतलेला आहे. १९५५ साली संयुक्त राष्ट्रांनी प्रथिनविषयक सल्लागार गट नेमला. पुढील दोन दशके 'प्रथिनांची दरी' हाच जगाच्या कुपोषणाचा गाभा समजला गेला. माशांची भुकटी, पेट्रोलियमवर वाढविलेले किण्व, कृत्रिम अमिनो आम्ले यांवर अपार बुद्धी आणि पैसा खर्ची पडला. आपल्या देशातील गरिबांच्या आहारात मुख्य तूट उष्मांकांची आहे, पोटभर नेहमीचे जेवण मिळाले तर प्रथिनांची गरज बव्हंशी भागते, हे सुखात्मे आकडेवारीने सांगत होते आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतून डॉ. सी. गोपालन आहार-अभ्यासांच्या आधारे सांगत होते. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने प्रथिनांच्या गरजेचा आकडा खाली आणला. १९७४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या सगळ्या प्रकरणाची 'प्रथिनांची महाफजिती' अशी संभावना झाली. ज्यांच्या नावाने हे संशोधन चालले होते, त्यांच्या ताटात या काळात फारसे काही पडले नव्हते.

याच पुण्यातील दुसरे उदाहरण अधिक अलीकडचे आणि अधिक मोलाचे आहे. १९९३ साली रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला. आघारकर संस्थेच्या डॉ. शोभा राव आहाराच्या अंगाने त्यात सहभागी होत्या. सातशेहून अधिक गर्भवतींची आणि पुढे त्यांच्या बालकांची नोंद ठेवली गेली. जन्मणारी बाळे सरासरी सुमारे २.७ किलोंची होती, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे सुमारे ३.५ किलोंची होती. पण खरे आश्चर्य पुढेच होते. आपल्या बाळांचे स्नायू आणि अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानाने शाबूत होती. दिसावयास रोड आणि आतून मेदयुक्त अशी ही देहरचना म्हणजे पुढे जडणाऱ्या मधुमेहाची पायाभरणीच होय. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे आकाराने मोठी होती, असे २००१ साली प्रसिद्ध झाले. २००८ साली आणखी एक निष्कर्ष आला. निम्म्याहून कितीतरी अधिक मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलिक आम्ल अधिक होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली.

या अभ्यासाला ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचे मोठे साहाय्य लाभले. त्याबद्दल कृतज्ञताच असावयास हवी. परंतु भारतीय मातेच्या उदरातील भारतीय बालकाविषयीचा एवढा मूलभूत प्रश्न आपल्या शासकीय यंत्रणांच्या अग्रक्रमावर का नसावा, हे कोणाला तरी विचारावेच लागेल.

निष्कर्ष हाती आल्यानंतर काय झाले, हे त्याहून उद्बोधक आहे. गर्भवतींना लोह आणि फोलिक आम्लाची गोळी देण्याचा कार्यक्रम आरोग्य खात्याकडे आहे. २०१८ साली 'अॅनिमियामुक्त भारत' अभियान सुरू झाले, तेव्हा त्या गोळीत लोह आणि फोलिक आम्लच होते, बी-१२ नव्हते. त्यानंतर थोड्याच वर्षांत शिधावाटपाच्या तांदळात पोषकद्रव्ये मिसळण्याचा निर्णय झाला. तो विषय अन्न व सार्वजनिक वितरण खात्याचा. त्या तांदळाच्या मानकात लोह, फोलिक आम्ल आणि बी-१२ अशी तिन्ही द्रव्ये आली. म्हणजे एका खात्याला जे आवश्यक वाटले नाही, ते दुसऱ्याला वाटले. पण किती? मानकानुसार एका किलोत ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम. माणशी दरमहा पाच किलोंचा वाटा धरला आणि तो सगळा तांदूळच आहे असे मानले, तरी महिन्याकाठी फार तर सव्वासहा मायक्रोग्रॅम पदरात पडतात. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे दोन मायक्रोग्रॅम आहे. महिन्याच्या शिध्यातून जेमतेम तीन दिवसांची सोय झाली. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. दोन खात्यांच्या निर्णयांमागे एक प्रश्न आणि एक संशोधन नव्हते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मोजमापाचीही हीच अवस्था. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने पाच वर्षांखालील ५८.६ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचे सांगितले. लगेच पाठोपाठ, २०१६-१८ मध्ये झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण ४१ टक्के निघाले. पहिल्या पाहणीत बोटातील थेंबभर रक्त तपासले होते, दुसरीत शिरेतून घेतलेले. दोन्ही पाहण्या शासकीयच. ज्या देशाला आपली किती मुले रक्तक्षयी आहेत याचे एक उत्तर देता येत नाही, तो उपायाचे यश कशाने मोजणार? त्यातच १९७२ पासून अनेक राज्यांतील आहाराच्या नोंदी ठेवणारा राष्ट्रीय पोषण संनियंत्रण विभाग २०१५ मध्ये बंद झाला. चार दशकांचा धागा तुटला.

या विस्कळीतपणाचे मूळ रचनेत आहे. राष्ट्रीय पोषण संस्था भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे. म्हैसूरची अन्नतंत्र संशोधन संस्था वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे. त्याच शहरातील अन्न-प्रयोगशाळा संरक्षण खात्याकडे. पिकांचे वाण कृषी संशोधन परिषदेकडे, अंगणवाडीचा आहार महिला व बालविकास खात्याकडे, शाळेतील भोजन शिक्षण खात्याकडे, अन्नाची मानके आणखी एका प्राधिकरणाकडे. प्रत्येकाचे अंदाजपत्रक वेगळे, यशाची व्याख्या वेगळी. कृषिशास्त्रज्ञ हेक्टरी क्विंटल मोजतो, वैद्य रक्तातील लोह मोजतो, पुरवठा अधिकारी उचललेली पोती मोजतो. आईचे ताट मात्र एकच असते.

खात्यांनी ठरविले तर हे जुळू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि आंतरराष्ट्रीय संशोधकांनी मिळून 'धनशक्ती' हा लोहसमृद्ध बाजरीचा वाण दिला. महाराष्ट्रातील निवासी शाळांमधील किशोरवयीन मुलांना लोहयुक्त बाजरी खाऊ घालून तिचा परिणाम रक्तात तपासला गेला. पुढे बाजरीच्या नव्या वाणांना मान्यता देताना लोह आणि जस्त यांची किमान पातळी पाहण्याचा दंडक कृषी संशोधन परिषदेने घातला. शेत, स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा एका सूत्रात आली, ती अशी. मात्र हा अपवाद आहे, नियम नव्हे.

अमेरिकेने मानवी पोषण-संशोधनासाठी १९८३ सालीच आंतरविभागीय समिती नेमली आणि २०१६ मध्ये सर्व खात्यांसाठी पाच वर्षांचा संशोधन-आराखडा प्रसिद्ध केला. अतिपोषणाच्या व्याधींनी गांजलेल्या त्या देशाचे प्रश्न आपण उचलण्याचे कारण नाही. पद्धत मात्र घेण्याजोगी आहे.

यावर एक आक्षेप निश्चित येईल. प्राधान्ये दिल्लीत ठरू लागली तर संशोधकाची प्रतिभा गुदमरेल. १९९३ साली अशी यादी असती, तर याज्ञिकांचा प्रश्न तिच्यात बसला असता काय? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. म्हणूनच निधीचा ठराविक हिस्सा यादीबाहेरच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा लागेल आणि यादी दर पाच वर्षांनी नव्याने तपासावी लागेल. पण आज स्वातंत्र्य म्हणून जे मिरविले जाते, ते बहुधा देणगीदाराच्या पसंतीचे स्वातंत्र्य असते. क्रम कोणी लावला नाही म्हणून क्रम लागत नाही, असे नव्हे. तो दुसरा कोणीतरी लावतो.

२०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अस्तित्वात आले आणि त्याच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद पंतप्रधानांकडे आहे. सर्व खात्यांना एका टेबलाशी बसविण्याचे सामर्थ्य त्या पदात आहे. तेथे मोजके प्रश्न निश्चित व्हावेत. भारतीय मातेला बी-१२ किती आणि कोणत्या अन्नातून द्यावे? दुधाचा पेला, ताक, गोळी की तांदूळ? ज्वारी-बाजरी शिध्यात आली तर रक्तात काय फरक पडतो? शुद्ध पाण्याने अन्न किती अधिक अंगी लागते? प्रत्येक प्रश्नापुढे जबाबदार संस्था, निधी आणि उत्तराची मुदत लिहिलेली असावी, आणि उत्तर आल्यावर कोणत्या खात्याने किती महिन्यांत ते अमलात आणावयाचे, हेही.

पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांत जन्मलेली बाळे आज तिशीच्या घरात आहेत. त्यांच्यातील मुली आता स्वतः माता होऊ लागल्या आहेत. त्यांच्या आयांच्या रक्ताने विज्ञानाला जे सांगितले, ते त्या मुलींच्या ताटापर्यंत पोहोचावयास एक पिढी पुरली नाही. पुढच्या पिढीलाही तेवढीच वाट पाहावयास लावणे या राष्ट्राला परवडणारे नाही.